मोबाइल अ‍ॅपच्या आराखड्याची स्पर्धा : परीक्षण कसे करावे?

प्रश्न : आमच्या विभागातर्फे पुढील सत्रात विद्यार्थ्यांसाठी मोबाइल अ‍ॅप डिझाइनची स्पर्धा घेण्याचे ठरले आहे. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया या चारही जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांतून संघ यावेत, अशी इच्छा आहे. विषय मोकळा ठेवावा की ठरवून द्यावा, चालते अ‍ॅप मागावे की केवळ आराखडा, आणि परीक्षण कसे करावे, यांबाबत समितीत एकमत होत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक प्राध्यापिका, नागपूर

उत्तर : आपण शेवटी विचारलेला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण परीक्षण कसे होणार हे एकदा ठरले की उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यातूनच मिळतात. अशा स्पर्धांमध्ये बहुधा प्रत्येक संघाला दहा मिनिटे दिली जातात, पडद्यावर सादरीकरण होते आणि परीक्षक गुण देतात. या पद्धतीत ज्याला सफाईने बोलता येते त्याचे पारडे जड होते, आणि ज्याने अ‍ॅपचे पडदे (स्क्रीन) विचारपूर्वक आखले आहेत, पण ज्याला व्यासपीठावर बोलण्याची सवय नाही, असा गोंदियाचा विद्यार्थी मागे पडतो. माझा आग्रह असा की अंतिम फेरीत सादरीकरण ठेवूच नये. अ‍ॅप यापूर्वी न पाहिलेल्या व्यक्तीच्या हाती नमुना द्यावा, तिला एक काम सांगावे, संघाने गप्प बसावे आणि परीक्षकांनी पाहत राहावे. काम मदतीशिवाय पूर्ण झाले का, बोट कोठे अडखळले, कोणत्या पडद्यावरून माघारी फिरावे लागले, याची नोंद हाच गुणदानाचा मुख्य आधार असावा.

अशी चाचणी प्राथमिक फेरीतही प्रत्येक संघाने स्वतः करावी. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी 2000 साली मांडलेला हिशेब या क्षेत्रात सर्वपरिचित आहे : पाच वापरकर्त्यांसोबत चाचणी केली तरी आराखड्यातील बहुतेक दोष उघड होतात. पाच माणसे कोणत्याही संघाला मिळू शकतात. मात्र ती वर्गमित्रांपैकी नसावीत. जॉन ब्रुक यांनी 1986 मध्ये तयार केलेली, वापरसुलभता मोजणारी दहा विधानांची प्रश्नावलीही वापरता येईल. तिच्यातून 0 ते 100 या दरम्यान गुण मिळतात, पण ती टक्केवारी नव्हे. साधारण 68 ही सरासरी मानली जाते. इतक्या थोड्या माणसांच्या उत्तरांवरून संघांची क्रमवारी लावणे अन्यायाचे ठरेल. एकाच संघाचा पहिला आणि सुधारलेला आराखडा यांची तुलना करण्यापुरताच तिचा उपयोग करावा.

चालते अ‍ॅप मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मागितले की स्पर्धा प्रोग्रामिंगची होते, आणि वाणिज्य, गृहविज्ञान किंवा चित्रकला शिकणारे विद्यार्थी दारातूनच परत जातात. वास्तविक माणसांचे निरीक्षण करण्यात हेच विद्यार्थी अनेकदा सरस असतात. प्ले स्टोअरवर प्रसिद्धीची अट तर मुळीच घालू नये. नोंदणीचे 25 डॉलर हा भाग लहान आहे. पण 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना किमान 12 परीक्षणकर्त्यांसह सलग 14 दिवस बंदिस्त (निवडक लोकांपुरती) चाचणी घ्यावी लागते, आणि स्पर्धेचा निम्मा काळ त्यातच जाईल. फिग्मा किंवा पेनपॉट या पडदे आखण्याच्या साधनांत केलेला, बोटाने चालवता येणारा नमुना पुरेसा आहे. पहिल्या फेरीसाठी तर कागदावर काढलेले पडदेही स्वीकारावेत.

विषयाबाबत मधला मार्ग घ्यावा : अ‍ॅप ठरवून देऊ नये, माणूस ठरवून द्यावा. विषय अगदी मोकळा ठेवला तर खाद्यपदार्थ मागवण्याचे आणि वर्गातील हजेरीचे तेच ते आराखडे येतात. काटोल-नरखेडकडून कळमना बाजारात माल आणणारा संत्रा उत्पादक, मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) बाह्यरुग्ण विभागात पहिल्यांदाच आलेला खेड्यातील रुग्ण, किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आलेली आणि गर्दीत आपल्या माणसांपासून दुरावलेली वृद्ध स्त्री, यांपैकी एकाची निवड संघांनी करावी. तिसरे उदाहरण मला विशेष मोलाचे वाटते. लाखो लोक एका ठिकाणी जमले की मोबाइलचे जाळे कोलमडू शकते, त्यामुळे इंटरनेट नसतानाही अ‍ॅपने काय करावे, हा विचार विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवसापासून करावा लागेल.

स्पर्धा जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे हिवाळी आणि उन्हाळी परीक्षांच्या मधल्या काळात घ्यावी. मृग बहाराची संत्री साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात, त्यामुळे तो विषय घेणाऱ्यांना शेतकरी प्रत्यक्ष भेटतील. मात्र लिलावाच्या घाईत त्यांना थांबवू नये. रुग्णांशी बोलायचे असल्यास रुग्णालयाची परवानगी आणि त्या व्यक्तीची संमती आधी घ्यावी, आणि आजाराचा तपशील किंवा केसपेपरचे छायाचित्र कोणत्याही प्रवेशिकेत येऊ देऊ नये.

शंभरपैकी चाळीस गुण अंतिम फेरीतील वापराला, पंचवीस समस्येच्या अभ्यासाला, वीस चाचणीनंतर केलेल्या बदलांना आणि पंधरा दृश्य मांडणीला द्यावेत. सुगम्यतेला, म्हणजे कमी दिसणाऱ्या किंवा अन्य अडचण असलेल्या व्यक्तीलाही अ‍ॅप वापरता येण्याला, वेगळे गुण न देता ती पात्रतेची अट करावी : मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे (कॉन्ट्रास्टचे) प्रमाण किमान 4.5 : 1, बटणांचा स्पर्शभाग अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार 48 डीपी (पडद्यावरील मापाचे एकक), आणि अक्षरे दुप्पट मोठी केली तरी न मोडणारी मांडणी. पडदे मराठीतच असावेत. इंग्रजीसाठी आखलेल्या चौकटीत देवनागरी बसवली की उकार आणि वेलांट्या छाटल्या जातात. हा दोष सरकारी आणि खासगी अशा दोन्ही अ‍ॅपमध्ये दिसतो, आणि विद्यार्थ्यांना तो टाळायला शिकवण्याची याहून चांगली संधी मिळणार नाही. परीक्षकांपैकी एक जण निवडलेल्या वापरकर्त्यांच्याच जगातला, म्हणजे बागायतदार किंवा परिचारिका, असावा आणि त्याच्या गुणांचे वजन इतरांइतकेच असावे.

प्रश्न : अशा स्पर्धेत आम्ही दिलेल्या आराखड्यावर नंतर आयोजकांचा हक्क राहतो का?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : केवळ भाग घेतल्याने राहत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कृतीचा पहिला मालक सामान्यतः तिचा कर्ता असतो आणि हक्काचे हस्तांतरण लेखी करावे लागते. परंतु प्रवेश अर्जावरील सहीनेच तसे हस्तांतरण होऊ शकते, म्हणून अटी पूर्ण वाचाव्यात. ‘सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ असे वाक्य आढळल्यास, आराखडा प्रदर्शित करण्याच्या परवानगीपुरतेच ते मर्यादित करावे, अशी लेखी विनंती संघाने मुदतीपूर्वी करावी. हा कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या मांडणीला देतो, हेही ध्यानात असू द्यावे. केवळ संगणक प्रोग्रामला आपल्याकडे पेटंट मिळत नाही. मात्र आपल्या कामात खरोखर तांत्रिक शोध असेल, तर तो जाहीरपणे दाखवण्यापूर्वीच विद्यापीठाच्या बौद्धिक संपदा कक्षाचा किंवा पेटंट एजंटचा सल्ला घ्यावा, कारण आधी झालेले प्रदर्शन नंतरच्या अर्जाला बाधक ठरू शकते.