कोटेशन देण्याआधीच त्रासदायक क्लायंटला नाही कसं म्हणायचं?

आकडा सांगण्याआधी नाही म्हणणंच सोपं. एकदा दर कळला की घासाघीस सुरू होते आणि मग मागे फिरणं अवघड जातं. "दर चढा सांगतो, आपोआप पळेल" ही युक्ती मीही करून पाहिली आहे. समोरच्याने दर लगेच मान्य केला आणि पुढचे तीन महिने मी रात्री अकरा वाजता 'एवढा एकच बदल' करत बसलो.

ओळखायचं कसं? पहिल्याच फोनवर बजेट, मुदत आणि अंतिम मंजुरी कोण देणार, हे विचारून घ्या. "पैशांचं नंतर बघू, आधी एक सॅम्पल करून दाखवा" असं ऐकलं की मी तिथेच थांबतो. हे काम आधी कोणाकडे होतं, हेही विचारा. एखादा फसवणारा भेटू शकतो, पण आधीचे तिघेही चोर होते असं कोणी सांगत असेल तर चौथे चोर आपणच!

नकार दोन ओळींत द्या: "या कामासाठी मी योग्य माणूस नाही असं वाटतं, म्हणून कोटेशन पाठवत नाही. विचारल्याबद्दल आभार." कारणं सांगत बसू नका, प्रत्येक कारणावर त्यांच्याकडे तोडगा असतो. "सध्या वेळ नाही" तर मुळीच नको, महिन्याभरात पुन्हा फोन येतो. आणि हो, सुटका म्हणून मित्राचा नंबर देऊ नका.

हातात दुसरं कामच नसेल तर मात्र निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि बदल किती वेळा करून देणार ते आधीच लेखी ठरवा.