‘जोईशुं’ म्हणजे हो नव्हे

दांडिया बाजार, वडोदरा

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

परराष्ट्र सेवेत तुझी निवड झाल्याचं तुझ्या आईने जिन्यातूनच ओरडून सांगितलं. पेढे पोचले. मागे तू विचारलं होतंस, “काका, राजदूत नेमकं करतो काय?” समोर कुणी असलं की मी विनोद करून वेळ मारून नेतो, म्हणून आज कागद घेतला.

माझी शिकवणी खंडेराव मार्केटात झाली. आजी घासाघीस मराठीतच करायची, भाजीवाली गुजरातीत, आणि मधे मी. वांग्यांचा भाव उतरव म्हटलं की बाई हसून म्हणायची, “जोईशुं.” बघू. पिशवी भरेपर्यंत एक पैसा कमी होत नसे. आठव्या वर्षी मला पक्कं ठाऊक होतं की हे ‘नाही’च आहे, गिऱ्हाईक तुटू नये म्हणून गोड केलेलं.

पुढे परदेशातल्या आपल्या दूतावासात सेकंड सेक्रेटरी झालो आणि हे विसरलो. तिथल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यापुढे आपली मागणी मांडली. तो म्हणाला, “विचार करू, तशी अडचण दिसत नाही.” मी दिल्लीला कळवलं: तत्त्वतः मान्य. दिल्लीने त्या भरवशावर पुढची तयारी केली. दीड महिन्याने उमगलं, तिकडे फाईल हललीच नव्हती. आमचे राजदूत चिडले नाहीत. माझं टिपण पुढे सरकवून म्हणाले, “यात तो किती बोलला आणि तू किती?” मी पेन्सिलीने खुणा करत गेलो. दोन पानांत त्याची वाक्यं तीन निघाली.

तेव्हापासून वहीच्या पानावर मी मधोमध उभी रेघ मारायचो. डावीकडे तो काय म्हणाला, कुठल्या भाषेत, खोलीत आणखी कोण होतं. उजवीकडे मला काय वाटलं. आणि हे परतीच्या गाडीतच. ऑफिसात पोचेपर्यंत डावीकडचं उजवीकडे झिरपायला लागतं.

आपल्याच गावची गोष्ट घे. 12 डिसेंबर 1911, दिल्ली दरबार. सयाजीराव महाराज पंचम जॉर्जपुढे गेले, एकदा लवले, वळले आणि चालू लागले. रिवाज होता पाठ न दाखवता मागे सरकण्याचा. इंग्रजी वर्तमानपत्रांनी काहूर माजवलं. महाराजांनी व्हाइसरॉय हार्डिंजना पत्र पाठवून आपला गोंधळ उडाल्याचं सांगितलं. इकडे मात्र घरोघरी ती गोष्ट बाणेदारपणाची म्हणूनच चालते. माझे वडील तर उठून करूनही दाखवायचे. तुझ्या वहीत डावीकडे एवढंच येईल: एकदा लवले, वळले, चालले. बाकी शंभर वर्षांचं सगळं उजवीकडचं.

भाषेचं विचारलं होतंस. प्रशिक्षण आटोपलं की एक परदेशी भाषा वाट्याला येते आणि तुला थर्ड सेक्रेटरी म्हणून बाहेर धाडतात. तिची परीक्षा दिल्याशिवाय नोकरीत कायम करत नाहीत. फ्रेंचकडे सगळ्यांचा ओढा असतो. माझं ऐकशील तर अरबी माग. आखातात आपली लाखो माणसं आहेत. पुस्तकातली अरबी वेगळी आणि बाजारातली वेगळी, पण वडोदऱ्याच्या मुलीला त्याचं काय!

पासपोर्टच्या खिडकीवर बसवलं तर नाक मुरडू नकोस. परदेशात मजूर दगावला की त्याचा देह घरी पाठवायला मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचा, म्हणजे देह टिकवण्याच्या प्रक्रियेचा, दाखला, दूतावासाचं ना हरकत पत्र हे सगळं जमवावं लागतं, आणि त्याचा पासपोर्ट रद्द करावा लागतो. पहिल्यांदा तो शिक्का मारताना फोटोवर पडू नये म्हणून मी हात जरा बाजूला घेतला होता. त्याच्या भावाचा गावाहून फोन आला. मी म्हणालो, “बघतो.” आजही ते बोचतं. विमान कोणतं, कधीचं, एवढंच त्याला हवं होतं.

राजदूतपद फार उशिरा येतं. राष्ट्रप्रमुखाच्या हाती अधिकारपत्र देण्याचा थाट एका सकाळपुरता. त्याआधी तुझ्या नावाला त्या देशाची संमती लागते, आणि 1961 च्या व्हिएन्ना करारानुसार नकाराचं कारण द्यायला तो बांधील नाही. बहुधा नकारही येत नाही, उत्तरच येत नाही. त्यांचं ‘जोईशुं’ ते.

निघण्याआधी रविवारी जेवायला ये. वही आणून ठेवली आहे. येणार की नाही ते नीट सांग. ‘बघू’ म्हणालीस तर काकू चक्का टांगणार नाही.

तुझा,
खालच्या मजल्यावरचा काका