सिक्वेन्सरकडे वळण्याआधी
अन्नातून पसरणाऱ्या जिवाणूंच्या जीनोमवर (संपूर्ण डीएनए-संचावर) नव्याने काम सुरू करताय, तर माझा पहिला आग्रह हाच: वसाहत (प्रयोगशाळेत वाढवलेला जिवाणूंचा पुंजका) शुद्ध असल्याची खात्री झाल्याशिवाय डीएनए काढू नका. दोन जिवाणूंची सरमिसळ झाली की पुढचं सगळं विश्लेषण फसतं. नमुना कोणत्या प्राण्याचा, कुठला, कधीचा, हे त्याच दिवशी नोंदवा.

एश्चेरिकिया अल्बर्टी हा जिवाणू मात्र सवडीने अभ्यासा. २००३ मध्ये ही स्वतंत्र प्रजाती ठरली. त्याआधी बांगलादेशातल्या अतिसाराच्या बालरुग्णांत सापडलेले हे जिवाणू हाफ्निया अल्व्हेई ही दुसरीच प्रजाती समजले गेले होते. ते पक्ष्यांमध्येही आढळतात. आतड्याच्या पेशींना चिकटायला मदत करणारं ‘ईएई’ जनुक त्यांच्यात असतं, त्यामुळे आजही ते रोगकारक ई. कोलाय म्हणून खपून जातात. म्हणून जैवरासायनिक चाचणीने दिलेलं नाव जीनोमवर पडताळून पाहाच.

प्रतिजैविकरोधी जनुक सापडलं, तर ते प्लास्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या तुकड्यावर) आहे की गुणसूत्रावर, हे शोधा. पण डीएनएच्या पुनरावृत्त भागांत छोट्या रीड्सची (सिक्वेन्सर या यंत्राने वाचलेल्या डीएनए-तुकड्यांची) जोडणी तुटते. तिथे लांब रीड्स हव्यात.

आणि कोंबडीतला व रुग्णातला जीनोम अगदी जवळचा निघाला, तरी तेवढ्यावरून संसर्गाची दिशा ठरवू नका. रुग्णाने काय खाल्लं याची चौकशी करणाऱ्या साथरोगतज्ज्ञांशी बोला, तेही अहवाल लिहिण्याआधी.