वर्धा रोडवर बिनधास्त, टेक्सासात हात थरथरतात

"मॅडम, इथं सीताबर्डीच्या गर्दीतून मी पोराला बसवून गाडी काढली. अन् तिथं रिकाम्या रस्त्यावर मले घाम फुटते. माझं काही बिघडलं का?"

समुपदेशक म्हणून परदेशी गेलेल्या नागपूरकरांकडून हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो. बायका सरळ विचारतात. पुरुष बहुतेक वेळा एखाद्या मित्रासाठी विचारत असतात! ही बाई तिशीतली, टेक्सासातल्या एका उपनगरात राहणारी, सुट्टीत प्रतापनगरला माहेरी आलेली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तिच्या घराजवळ ना बस, ना ऑटो. दूध आणायचं तरी गाडी हवी. निघण्यापूर्वी तिनं आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला होता. तो वर्षभराचा असतो आणि मूळ परवाना सोबत बाळगावाच लागतो. पण टेक्सासात राहायला आलेल्यांना जुन्या परवान्यावर 90 दिवसच गाडी चालवता येते. पुढे भारतीय परवानाधारकाला लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा देऊन तिथला परवाना घ्यावा लागतो. ती दोन्ही परीक्षा पास झाली होती. परवाना पर्समध्ये, गाडी दारात आणि बाई घरात, अशी तिची अवस्था.

पहिल्या भेटीत तिला एकच गोष्ट सांगितली. ड्रायव्हिंग अंगात मुरलं की त्यातली निम्मी कामं हात-पाय आपोआप करतात. देश बदलला की हेच अंगात मुरलेलं आडवं येतं. इंडिकेटर द्यायला जावं तर वायपर फिरतो, गिअरसाठी हात दाराकडे जातो. नवशिक्याला फक्त नवं शिकायचं असतं. हिला आधी जुनं रोखायचं होतं आणि मग नवं करायचं होतं, तेही ताशी 60 मैलांनी, म्हणजे जवळपास 97 किलोमीटरच्या वेगानं. पंधरा-वीस मिनिटांत माणूस गळून जाणारच. ती मात्र त्या थकव्याचा अर्थ 'मला जमत नाही' असा लावत होती.

मग तिला एक काम दिलं. भावाला शेजारी बसवायचं, अजनीहून विमानतळाकडे गाडी न्यायची आणि नजर जिथं जाईल ते मोठ्यानं बोलत राहायचं. भावानं ते फोनवर रेकॉर्ड केलं. "ऑटोचं पुढचं चाक वळून राहिलं, हा घुसणार. बाईकवाल्यानं पाहिलं, थांबते. ती स्कूटी उलटी येऊन राहिली." सगळं रेकॉर्डिंग असंच. लेन, पाटी किंवा वेगमर्यादा यांचा एकदाही उल्लेख नाही. ऐकताना ती स्वतःच हसायला लागली.

आपण इथं रस्त्यापेक्षा माणसं जास्त वाचतो. डोळ्याला डोळा भिडला की कोण आधी जाणार ते ठरतं आणि त्यात आपण पटाईत असतो. तिथं तो खेळच नाही. चारही बाजूंना 'स्टॉप'ची पाटी असलेल्या चौकात जो आधी येऊन थांबला तो आधी निघतो. दोघं एकदम आले तर उजवीकडच्याचा मान. ही बाई सगळे जाईपर्यंत थांबायची, मग मागचा हॉर्न मारायचा. आपल्याकडे हॉर्न म्हणजे 'मी आलोय', तिथं तो खडसावल्यासारखा लागतो. एका हॉर्ननं तिचा दिवस जायचा.

खरी भीती मात्र डाव्या वळणाची होती. तिथं वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे आपल्या उजव्या वळणाची सगळी कटकट डावीकडे वळताना होते. समोरून येणाऱ्या गाड्यांना छेदून जावं लागतं. ते टाळायला ती तीन उजवी वळणं घेऊन फिरून यायची. पुढे तेही बंद झालं आणि नवरा सोडू-आणू लागला.

माणूस भला. ऑफिसातून येऊन न कुरकुरता किराण्याला नेणारा. पण भीतीला खतपाणी मिळत होतं ते नेमकं इथूनच. टाळलं की लगेच हायसं वाटतं आणि मन शिकतं की टाळलं म्हणून वाचलो. पुढच्या खेपेला भीती आणखी मोठी होते. बरं, तोच शेजारी बसून शिकवायचा तेव्हा नसलेला ब्रेक दाबायचा आणि "अगं, बघ बघ!" ओरडायचा. नवऱ्यानं बायकोला किंवा बायकोनं नवऱ्याला गाडी शिकवू नये, या मताची मी आहे. पैसे देऊन प्रशिक्षक लावा, ते स्वस्त पडतं.

ती परत गेल्यावर ऑनलाइन सत्रं सुरू ठेवली. एका सत्रात नवऱ्यालाही बसवलं. ठरलं असं की आठवड्याचा किराणा तिचाच आणि तो सोबत आला तरी गप्प बसेल. दुसरं हो म्हणायला त्यानं जास्त वेळ घेतला. तिनं प्रत्येक प्रसंगाला शून्य ते शंभर असे भीतीचे गुण दिले. बंद गाडीत बसून न बघता इंडिकेटर सापडणं दहा, रविवारी सकाळी रिकामं पार्किंग वीस, सिग्नलवरचं डावं वळण साठ, हायवेला गाडी मिसळणं नव्वद. खालून वर जायचं आणि भीती शिगेला असताना घरी परतायचं नाही. सुरक्षित जागी गाडी उभी करायची, धडधड उतरू द्यायची, मग निघायचं. डावं वळण एकाच सिग्नलवर पुन्हा पुन्हा, कंटाळा येईस्तोवर. कंटाळा आला की मला तर आनंदच होतो.

पोलिसाची भीती वेगळी होती. आपल्याकडे शिटी वाजली की आपण उतरून बोलायला जातो. तिथं मागे दिवे लुकलुकले की कडेला थांबायचं, गाडीतच बसायचं आणि हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे. स्कूल बसचे लाल दिवे लागले की समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं; मध्ये दुभाजक असेल तरच समोरच्यांना सूट. एवढं पक्कं कळल्यावर तिची अर्धी धास्ती ओसरली. ते माहितीचं काम होतं, समुपदेशनाचं नव्हे.

मात्र पूर्वी अपघात झाला असेल, गाडीत बसताच श्वास कोंडत असेल, तोच प्रसंग स्वप्नात येत असेल, तर स्वतःच्या मनानं या पायऱ्या चढू नका. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा.

आता किराणा, मुलाची शाळा, डावी वळणं सगळं ती करते. हायवे दिवसा चालतो, रात्री पावसात ती अजून नवऱ्याकडे किल्ली देते. मला त्यात गैर काही वाटत नाही, तोही म्हणे त्या वेळी वैतागतोच.

परवा तिनं नवा प्रश्न विचारला. दिवाळीला नागपूरला आल्यावर इथं चुकीच्या बाजूला गाडी गेली तर? म्हटलं, गर्दीत जाणार नाही, पुढची गाडीच वाट दाखवते. चूक होते ती पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर आणि पेट्रोल पंपातून बाहेर पडताना. म्हणून आल्या आल्या, झोप पुरी झाली नसताना, किल्ली भावाकडेच असू दे असं सांगितलं.