अर्थिंग आधी, यंत्रे नंतर
घरातील कार्यशाळा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : निवृत्तीनंतर परसातील पत्र्याच्या शेडमध्ये छोटी कार्यशाळा उभारत आहे. घराच्या मेन बोर्डापासून शेड सुमारे 80 फुटांवर आहे. बेंच ग्राइंडर, अर्ध्या एचपीचे ड्रिल, 2 एचपीचा काँप्रेसर आणि 200 अँपिअरचे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेण्याचा विचार आहे. वायरमन म्हणतो की स्वयंपाकघरातील 16 अँपिअरच्या सॉकेटवरून अडीचची वायर ओढली की काम भागेल. अर्थिंग चांगले आहे हे त्याने फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब पेटवून दाखवले. एवढे पुरेसे आहे का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : पुरेसे नाही, आणि यंत्रे विकत घेण्यापूर्वी आपण हे विचारलेत याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आधी वायरीचे पाहू. 2 एचपीचा काँप्रेसर चालताना साधारण 10 ते 12 अँपिअर घेतो. मात्र मोटर सुरू होण्याच्या क्षणी तो आकडा पाच-सहा पटींनी वाढून 60 च्या आसपास जातो. 80 फुटांच्या अंतरात अडीच चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीत त्या क्षणी सुमारे 25 व्होल्ट खर्ची पडतात. संध्याकाळी गावातील व्होल्टेज आधीच 200 पर्यंत उतरलेले असेल, तर मोटरला मिळतात जेमतेम 175. मग ती नुसती गुंगुं करीत राहते, फिरत नाही, आणि वाइंडिंग तापून जळते. हेच अंतर 6 चौरस मिमीच्या वायरीने नेले, तर तूट 10-11 व्होल्टवर येते. म्हणून स्वयंपाकघराचा सॉकेट विसरावा आणि थेट मेन बोर्डावरून 32 अँपिअरच्या, सी प्रकारच्या दोन पोलच्या एमसीबीमार्फत (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) स्वतंत्र लाइन घ्यावी. बी प्रकारचा एमसीबी त्यावर लिहिलेल्या अँपिअरच्या 3 ते 5 पट क्षणिक प्रवाहालाच पडतो, सी प्रकारचा 5 ते 10 पटींना. त्यामुळे मोटर सुरू होताना तो विनाकारण पडत नाही. लाइन जमिनीखालून न्यायची असल्यास आर्मर्ड (धातूचे कवच असलेली) केबल अडीच फूट खोल चरात वाळूच्या थरात टाकावी आणि वर विटा रचाव्यात, म्हणजे पुढे कोणी कुदळ मारली तर ती आधी विटेवर बसेल.

शेडमध्ये स्वतंत्र वितरण पेटी हवी. त्यात दिव्यांचा मार्ग यंत्रांपासून वेगळा ठेवावा आणि शक्य असल्यास त्याला वेगळा आरसीसीबीही (जमिनीकडे गळणारी वीज ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) द्यावा. यंत्राच्या दोषाने वीज गेली आणि त्याबरोबर दिवाही विझला, तर अजून फिरत असलेल्या पात्यासमोर आपण अंधारात उभे असता. वेल्डिंगसाठी वेगळा एमसीबी आणि 32 अँपिअरचा औद्योगिक सॉकेट बसवावा. अडीच मिमीचा रॉड 70 ते 90 अँपिअरवर चालतो, तोवर 16 अँपिअरचा सॉकेट कसाबसा तग धरतो, 3.15 मिमीचा रॉड लावला की प्लगच्या पिना तापू लागतात. महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तोही या निमित्ताने पाहावा आणि कमी पडत असल्यास वाढवून घ्यावा.

आता बल्बाविषयी, कारण या एका चाचणीने आजवर फार लोकांची फसगत केली आहे. 100 वॉटचा बल्ब अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह घेतो. अर्थिंगचा रोध 50 ओम असला, म्हणजे अर्थिंग अगदी निकामी असले, तरी त्यात फार तर 20 व्होल्ट कमी होतात आणि बल्ब जवळजवळ तितक्याच प्रकाशाने पेटतो. पण त्याच अर्थिंगवर ग्राइंडरच्या बॉडीत फेज उतरली, तर जमिनीत जाणारा प्रवाह 230 भागिले 50, म्हणजे केवळ 4.6 अँपिअर असतो. 16 अँपिअरचा एमसीबी त्याला कधीच पडणार नाही, आणि ग्राइंडरची बॉडी हात लागेपर्यंत तशीच जिवंत राहील. एमसीबी वायरीचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. तो बसवावा, महिन्यातून एकदा त्याचे टेस्टचे बटण दाबून पाहावे आणि अर्थिंगचा रोध अर्थ टेस्टरने मोजून घ्यावा. पाइपचे अर्थिंग करायचे झाल्यास किमान अडीच मीटर लांबीचा जस्त चढवलेला पाइप इमारतीपासून दीड मीटर तरी दूर पुरावा आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालत राहावे. कोरड्या मातीत रोध वाढतो.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे महत्त्वाची. गेलेली वीज परत आली की बंद न केलेले यंत्र आपोआप सुरू होते. ज्याला नो-व्होल्ट कॉइल आहे असाच स्टार्टर घ्यावा. वीज गेली की तो सुटतो आणि हाताने दाबल्याशिवाय पुन्हा लागत नाही.

प्रश्न : पावसाळा सुरू झाला की आमच्या कार्यशाळेचा आरसीसीबी दिवसातून चार वेळा पडतो. आरसीसीबीच खराब आहे, काढून टाकू, असे इलेक्ट्रिशियनचे म्हणणे आहे. काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तो काढू देऊ नये. आपल्या घरात कोठेतरी वीज चुकीच्या वाटेने जात आहे, हेच तो आपल्याला सांगतो आहे.

प्रथम सर्व प्लग काढावेत आणि आरसीसीबी वर करून पाहावा. तो टिकला तर एकेक उपकरण लावत जावे. ज्याच्या वेळी पडेल, त्यात ओल शिरली आहे. कोकणातील हवेत महिनाभर बंद असलेल्या ग्राइंडरच्या वाइंडिंगमध्ये आणि वेटोळे करून ठेवलेल्या जुन्या एक्स्टेन्शन बोर्डात हे हमखास आढळते. असे उपकरण उन्हात किंवा बल्बाच्या उबेत नीट वाळवून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारे उपकरण) तपासून घ्यावे; मापन एक मेगाओमच्या खाली आल्यास वापरू नये.

सर्व प्लग काढूनही तो पडत असेल, तर दोष वायरिंगमध्ये आहे. येथे अनेक जण एकेक एमसीबी खाली करून पाहतात आणि गोंधळतात, कारण एका पोलचा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. न्यूट्रल आणि अर्थ कोठे एकमेकांना लागले असतील, तर एमसीबी बंद असूनही आरसीसीबी पडू शकतो. त्यासाठी मेन बंद करून न्यूट्रलच्या पट्टीवरील वायरी एकेक करून सोडवाव्या लागतात. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे.

ओळखीच्या एका कार्यशाळेत ड्रिलला हात लावला की झिणझिण्या येत. मेन बंद करून आम्ही सॉकेट उघडला. आत हिरवी वायर नव्हतीच. न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या पिनेपर्यंत काळ्या वायरीचा दोन इंचांचा तुकडा जोडलेला होता, आणि न्यूट्रलचा स्क्रू इतका ढिला होता की त्याच्याभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडले होते. तेवढा स्क्रू पूर्ण सुटला असता, तर ड्रिल चालू करताच फेज मोटरमधून त्या तुकड्यावर आणि तेथून थेट बॉडीवर आली असती. मालकाने ‘सारखा पडतो’ म्हणून आरसीसीबी वर्षभरापूर्वीच काढून टाकला होता. आपल्या बोर्डातील प्रत्येक सॉकेट उघडून असा तुकडा नाही ना, हे आधी पाहून घ्यावे.

प्रश्न : काँप्रेसरपासून कामाच्या टेबलापर्यंत हवेची लाइन टाकायची आहे. घराच्या कामातून उरलेले यूपीव्हीसी पाइप आहेत आणि त्यांवर लिहिलेला दाब काँप्रेसरच्या दाबापेक्षा जास्त आहे. ते वापरावेत का? शेजारीच हात धुण्याचे बेसिनही बसवायचे आहे.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : हवेसाठी यूपीव्हीसी किंवा सीपीव्हीसी कधीही वापरू नये. पाइपवर छापलेला दाब पाण्यासाठी असतो. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पाण्याचा पाइप फुटला तर तडा जातो, पाणी उडते आणि दाब लगेच संपतो. हवा मात्र दाबून साठवलेली असते. पाइप तडकला की ती सगळी एका क्षणात सुटते आणि कडक प्लास्टिकचे तुकडे सुरीसारखे खोलीभर उडतात. काँप्रेसरमधून येणाऱ्या गरम हवेने हे पाइप आणखी कमकुवत होतात.

अर्ध्या इंचाचा, निळा पट्टा असलेला मध्यम जाडीचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप घ्यावा. काँप्रेसर थरथरतो, म्हणून त्याच्यात आणि पाइपात हवेच्या दाबाला योग्य असा रबरी होजचा लहान तुकडा ठेवावा. लाइनला शेवटाकडे थोडा उतार द्यावा, शेवटी खाली वळवून तेथे पाणी काढण्याचा व्हॉल्व्ह लावावा आणि टेबलाकडे जाणारी प्रत्येक फांदी पाइपच्या वरच्या अंगाने काढून मग खाली वळवावी, म्हणजे साचलेले पाणी हत्यारात येत नाही. सर्व सांध्यांवर साबणाचा फेस लावून गळती तपासावी. टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह रोज काम संपल्यावर उघडावा. त्यातून येणारे तांबूस पाणी हाच टाकी आतून गंजवणारा शत्रू आहे.

बेसिनसाठी मात्र तेच पाइप चालतील. यूपीव्हीसीला यूपीव्हीसीचेच सोल्व्हंट सिमेंट वापरावे, आणि जोड बसल्यावर रात्रभर तरी लाइनवर दाब देऊ नये. सांडपाण्याच्या पाइपला फुटाला पाव इंच उतार पुरतो. ट्रॅप (पाणी धरून दुर्गंधी अडवणारा वळणाचा भाग) बसवावा, आणि ग्रीसने माखलेले हात आधी लाकडाच्या भुशाने किंवा चिंधीने पुसून मगच बेसिनमध्ये धुवावेत. नळ आणि सॉकेट एकाच भिंतीवर शेजारीशेजारी घेऊ नयेत.

प्रश्न : फ्लॅटच्या गॅलरीत सुतारकामाला सुरुवात केली आहे. खर्च बेताचा ठेवायचा आहे. पहिल्यांदा काय घ्यावे?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : हलणार नाही असे जड टेबल आणि त्यावर चांगला व्हाइस. काम घट्ट धरता आले नाही, तर महागडी करवतही वाकडीच चालते. टेबलाची उंची आपण सरळ उभ्या असताना मनगटाच्या रेषेत यावी. त्यानंतर गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन), बारीक दातांची करवत, रंधा, दोन पटाश्या आणि त्यांना धार लावण्याचा दगड घ्यावा. विजेवर चालणारे पहिले हत्यार ड्रिलच असावे.

अँगल ग्राइंडरला लाकूड कापण्याचे दातेरी पाते लावून वापरण्याची पद्धत सध्या फार पसरली आहे. तसे मुळीच करू नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 फेऱ्यांच्या आसपास फिरतो, लाकडात दाता अडकला की उलटा उसळतो आणि त्या वेळी हात मध्येच असतो. बेंच ग्राइंडर कधी घेतलात, तर दगड आणि टेकण (काम टेकवण्याची पट्टी) यांच्यातील फट 3 मिमीपेक्षा जास्त ठेवू नका, दगड झिजत जाईल तसे टेकण पुढे सरकवा, आणि तेथे किंवा ड्रिलवर काम करताना हातमोजे, ओढणी आणि बांगड्या काढून ठेवा.