टॉवरवरचा रेडिओ संध्याकाळी सारखा रीबूट होतो, सिग्नल मात्र ठीक दिसतो. दोष कुठे शोधावा?

आधी रेडिओचा अपटाइम, म्हणजे तो सुरू होऊन किती वेळ झाला, ते बघा. लिंक तुटल्यावर तो शून्यावर येत असेल तर दोष बहुधा पॉवरचा आहे. अँटेनाला हात लावू नका.

२४ व्होल्ट पॅसिव्ह पीओई (नेटवर्क केबलमधूनच थेट वीज देणं) असेल तर रेडिओ चालू असताना केबलच्या वरच्या टोकाला ४-५ (धन) आणि ७-८ (ऋण) पिनांवर व्होल्टेज मोजा. लोड नसताना घेतलेलं रीडिंग फसवतं. ६० मीटर शुद्ध तांब्याच्या कॅट-५ई केबलमध्ये अर्ध्या अँपिअरला साधारण अडीच व्होल्ट पडतात. चार-पाच पडत असतील तर तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे, केबल बदलाच. संध्याकाळी ट्रॅफिक वाढतो, रेडिओ जास्त करंट ओढतो आणि काठावरचं व्होल्टेज खाली जातं. तार चांगली असेल तर क्रिंप (केबलच्या टोकाला दाबून बसवलेला कनेक्टर) तपासा: हिरवट पिना, किंवा १०० ऐवजी १० एमबीपीएसवर आलेला पोर्ट, ही गंजाची खूण. ॲडाप्टरही बदलून बघाच, जुने कपॅसिटर लोडवर दगा देतात.

अपटाइम टिकून सिग्नल पडत असेल तर दोन्ही चेनची (रेडिओ ते अँटेना अशा दोन वेगळ्या सिग्नल-मार्गांची) पातळी ताडून बघा. ४ डीबीहून जास्त फरक बहुधा एका पिगटेलमधलं (रेडिओ आणि अँटेना जोडणाऱ्या छोट्या केबलमधलं) पाणी सांगतो. ५ गिगाहर्ट्झवर पावसाने लिंक पडत नाही, कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्याने पडते.