डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ओडी, बीडी, टीडीएस, एचएस असं लिहितात त्याचा अर्थ काय? अशा सगळ्या शॉर्टफॉर्मची यादी कुठे मिळेल?

आमचं तालुक्याच्या गावी मेडिकल आहे आणि काउंटरला मी स्वतः उभा असतो, त्यामुळे हा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवेना.

आधी तुम्ही विचारलंय तेवढं सांगून टाकतो. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा. एचएस म्हणजे रात्री झोपताना. एसओएस म्हणजे लागली तरच, रोज नव्हे. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. स्टॅट असेल तर आत्ताच्या आत्ता. मूळ सगळं लॅटिन आहे, ते पाठ करून तुम्हाला काही मिळायचं नाही. आणि 1-0-1 म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

राहिली यादी. नेटवर ढिगानं आहेत, कुठलीही उघडा. पण यादीनं भागत असतं तर मी एवढं लिहायला बसलोच नसतो. डीएनएस सलाइनच्या बाटलीवर असेल तर ग्लुकोज आणि मीठ, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या कागदावर असेल तर नाकातला पडदा वाकडा. ओडी डोळ्यांच्या चिठ्ठीवर असेल तर उजवा डोळा. गोळीच्या नावापुढे एमडी असेल तर ती तोंडात विरघळणारी गोळी. माझ्या चुलतभावाच्या नावापुढेही एमडी आहे, पण ते कशातच विरघळत नाही. त्याच्याकडे येतोच.

एकदा संध्याकाळी एक पोरगं आलं, कॉलेजातलं असावं. इन्सुलिनच्या दोन जादा सिरिंज मागितल्या. बाटली आणि पहिली सिरिंज त्यानं शहरातूनच घेतली होती, तिथल्याच दवाखान्याखालच्या दुकानातून. आजोबांना त्याच दिवशी इन्सुलिन सुरू केलेलं. सिरिंज कागदात गुंडाळता गुंडाळता मी सवयीनं विचारलं, "किती द्यायचंय रे?" तो म्हणाला, "सकाळी बारा. आणि रात्री फुल्ल सिरिंज."

फुल्ल सिरिंज म्हटल्यावर माझा हात थांबला. म्हटलं, चिठ्ठी दाखव. मोबाईलमध्ये फोटो होता. सकाळच्या डोसापुढे 12, मग थोडी जागा सोडून इंग्रजी यू, स्वच्छ. रात्रीचा डोस मात्र लेटरपॅडची जागा संपल्यामुळे कोपऱ्यात कोंबलेला. चार, आणि त्याला चिकटून यू. वरची दोन्ही टोकं घाईत जुळलेली. कुणीही चाळीसच वाचलं असतं. आता गंमत बघा, लाल टोपणाची साधी सिरिंज एक मिलीची असते आणि तिच्यावरचा शेवटचा आकडा चाळीस. म्हणजे त्या पोरानं चिठ्ठी वाचली, सिरिंज बघितली, दोन्हींचा मेळ बसला. त्याला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

मला का आली? सकाळी बारा घेणाऱ्या नवीन पेशंटला रात्री चाळीस कोण देईल? म्हातारा माणूस, संध्याकाळी भाकरीचा चतकोर खाणार. झोपेत शुगर उतरली तर घाम येतोय, हातपाय थरथरतायत हे घरच्यांना कळणार कसं? त्यांना वाटणार आज आजोबांना शांत झोप लागली.

दवाखान्यात फोन लावला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, सर बिझी आहेत, लिहिलंय तसं द्या. परत लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर सर आले, आणि काय म्हणाले माहितीये? "चार! चारच लिहिलंय. वाचता येत नाही का तुम्हाला?"

मी "बरं सर" म्हणून फोन ठेवला. पोराच्या चिठ्ठीचा फोटो राहू दिला आणि आमच्या बिलाच्या पाठीमागे मोठ्या अक्षरात लिहून दिलं, सकाळी 12 (बारा) युनिट, रात्री 4 (चार) युनिट. सिरिंजवर चारची रेघ कुठली, तिथं त्याच्या देखत मार्करनं खूण केली. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या अजून येतात आमच्याकडे. आता युनिट पूर्ण लिहिलेलं असतं. धन्यवादाचा फोन आला नाही, येणारही नव्हता.

हे मी चुलतभावाला एका लग्नाच्या पंगतीत सांगितलं. तो म्हणाला, "एका चिठ्ठीवरून काय सिद्ध होतं? जगभर हेच शॉर्टफॉर्म चालतात. आणि तुमचं काम डबा काढून द्यायचं." वर माझ्या फार्मसीच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाची आठवणही करून दिली. जिलेबी तोंडात होती म्हणून वाचला.

तर जगभराचंच सांगतो. अमेरिकेत दवाखान्यांना मान्यता देणारी जॉइंट कमिशन नावाची संस्था आहे. तिनं 2004 साली 'हे लिहू नका' अशी यादी काढली, तिच्यात हाच यू आहे, शून्यासारखा दिसतो म्हणून. 1.0 लिहू नका, टिंब दिसलं नाही तर दहा होतं. नुसतं .5 लिहू नका, पाच होतं. आपल्याकडेही मेडिकल कौन्सिलनं 2016 मध्ये नियमात घातलं की औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटलमध्ये लिहा. नियम आहे, चिठ्ठ्या तशाच आहेत.

इन्सुलिनचं निघालंच आहे तर एक पाहून घ्या, हे यादीत मिळत नाही. आपल्याकडे बाटली बहुतेक 40 ची येते, म्हणजे एका मिलीत चाळीस युनिट. पण 100 ची बाटलीही मिळते, आणि पेनच्या कार्ट्रिजमध्ये बहुतेक 100 च असतं. सिरिंजही दोन. लाल टोपण 40 साठी, केशरी 100 साठी. 40 च्या बाटलीतलं औषध केशरी सिरिंजनं वीसच्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात जातात फक्त आठ युनिट. उलटं केलं तर अडीच पट. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच पाहिजे.

दुसरी भीती मेथोट्रेक्सेटची. संधिवाताला ही गोळी आठवड्यातून एकदा असते. घरातल्या बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या, म्हणून हीही रोज घेतली जाते. मग तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी कमी होतात, जीवावर बेतू शकतं. मी स्ट्रिपवरच पेनानं 'फक्त रविवारी' लिहून देतो. वार पेशंट स्वतः निवडत नाही, डॉक्टरांना विचारून ठरवतो. आणि थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते, मिलिग्रॅममध्ये नाही. चिठ्ठीवर 50 किंवा 100 च्या पुढे मिलिग्रॅम दिसलं तर लिहिण्यात गडबड आहे, हजार पटीचा फरक पडतो. गोळीच्या नावात एसआर, ईआर, एक्सएल असेल तर ती हळूहळू सुटणारी. विचारल्याशिवाय तोडायची नाही, कुटून तर मुळीच नाही.

डिस्चार्ज कार्डावरचं वेगळं खातं आहे. एनएडी म्हणजे काही दोष सापडला नाही, घाबरू नका. के/सी/ओ म्हणजे आधीपासूनचा आजार. लामा किंवा डामा म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून घरी नेलं. सही करण्याआधी हा शब्द कागदावर आहे का बघा. एनबीएम म्हणजे तोंडानं काही नाही, आणि काही नाही यात चहा येतो, घोटभर आला तरी.

माझं स्पष्ट मत, डॉक्टरांनी वेळा पेशंटच्या भाषेत लिहाव्यात. सकाळी, रात्री, जेवणाआधी. कागदाला पैसे पडत नाहीत. भाऊ म्हणतो ओपीडीत शंभर पेशंट असतात, वेळ कुठून आणू. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना हे कारण मी देईन. भावाच्या क्लिनिकला देणार नाही, तिथं मोबाईलवर बोलायला वेळ असतो.

आता आमच्याबद्दलही बोलतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी आहे. आमच्यातलेही सगळे धुतल्या तांदळाचे नाहीत. सर्टिफिकेट भाड्यानं भिंतीला टांगलेलं आणि काउंटरला बारावी पास पोरगं, अशी दुकानं तुम्हीही पाहिली असतील. दुकानात शिरल्यावर फार्मासिस्ट कोण ते विचारा. कुणी पुढे आला नाही तर दुसरं दुकान बघा. भाऊ म्हणतो तो डबा काढून देणारा, तो हा.

आणि वर मी लिहिलंय त्यावरून स्वतःचा डोस वाढवू-घटवू नका. शंका आली तर लिहिणाऱ्या डॉक्टरलाच विचारायचं. टीडीएस म्हणजे दर आठ तासांनी की तिन्ही जेवणांबरोबर, हे गोळीगणिक बदलतं; तेवढं दुकानात विचारलंत तरी चालेल. फक्त संध्याकाळी सातला नको. दुपारी दोन ते चार कुठलाही मेडिकलवाला रिकामाच असतो.